भिंगरीला ‘पुरे’ शिकवताना

मृग लागून चार दिवस झाले होते, पण पावसाने अजून धड जोर धरला नव्हता. अशा एका घामट दुपारी माझा भाचा पुण्याहून एक काळी-पांढरी कुत्री घेऊन आमच्या अंगणात उतरला. बॉर्डर कॉली जातीची ती नऊ महिन्यांची कुत्री त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढली होती. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात, सकाळी वीस मिनिटे आणि रात्री वीस मिनिटे तिला फिरवून आणत, आणि उरलेल्या वेळात तिने सोफा उकरला होता, दाराची चौकट कुरतडली होती आणि भिंतीवर सरकणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या कवडशांमागे धावण्याची सवय लावून घेतली होती. “मावशी, तुझ्याकडे एवढं आगर आहे, समुद्र आहे, इथे ती सुखात राहील,” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे मलाही पटले.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या पुळणीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. घरामागे नारळी-पोफळीचे आगर, पाखाडी चढून वर गेले की हापूसची कलमे, आणि कलमांच्या पलीकडे कातळाचा उघडा सडा. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि यजमान बाग पाहत होते. घरात गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यामुळे कुत्रे सांभाळायला वेगळे काही शिकावे लागते असे मला कधी वाटले नव्हते. गावठी कुत्रे आपले आपण शहाणे होते. दुपारी सावली बघून पडते, अनोळखी माणूस दिसला की भुंकते, पोट भरले की गप्प राहते. भिंगरीचे तसे नव्हते. तिचे पुण्याचे नाव वेगळे होते, पण गाडीतून उतरल्या उतरल्या ती तुळशीवृंदावनाभोवती ज्या वेगाने गरगरू लागली तो पाहून सासूबाईंनी तिला भिंगरी म्हटले आणि तेच नाव राहिले.

पहिले काही महिने मी एकच उपाय केला, तो म्हणजे तिला दमवणे. पहाटे ओहोटी असेल तर पुळणीवर, नसेल तर सड्यावर नेऊन मी चेंडू फेकत राहायची आणि ती आणत राहायची. गणपतीपर्यंत तिची ताकद इतकी वाढली की दीड तास धावून आल्यावरही ती पाणी पिऊन पुन्हा बेड्यापाशी (अंगणाच्या फाटकापाशी) जाऊन उभी राहत असे. मी तिला दमवत नव्हते, धावपटूसारखी तयार करत होते, हे मला उशिरा कळले. घरात तिची अस्वस्थता तसूभरही कमी झाली नाही. जेवणाचे ताट उचलले की त्याचा कवडसा छतावर हलायचा आणि तिचे डोळे त्याच्यामागे हलायचे. पाखाडीवरून जाणाऱ्या मोटारसायकलींवर ती झेप घेऊ लागली. एकदा तिने गोठ्याकडे परतणाऱ्या आमच्या पाडीच्या मागच्या खुराशी चावा घेतला, आणि पाडीने झाडलेल्या लाथेने तिचा ओठ फाटला. त्या संध्याकाळी तिच्या ओठाला हळद लावत असताना (ती हळद ती लगेच चाटून टाकत होती) मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हा प्राणी नेमके करू काय पाहत आहे.

या जातीचा इतिहास वाचला तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडले. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात मेंढ्या हाकण्यासाठी ही कुत्री तयार झाली. नॉर्थंबरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फर नावाच्या मेंढपाळाकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा आजच्या जवळजवळ सर्व बॉर्डर कॉलींचा पूर्वज मानला जातो. त्याआधीची मेंढ्यांची कुत्री भुंकून आणि अंगावर धावून काम करत, तर हा कुत्रा आवाज न करता, अंग जमिनीसरसे करून, नुसत्या नजरेच्या दाबाने मेंढ्या हलवत असे. १९०६ साली मेंढपाळी कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि तिथून पुढे रूपापेक्षा कामावरून निवड होत ही जात घडत गेली. लांडगा शिकार करताना आधी हेरतो, रोखून पाहतो, दबा धरून सरकतो, पाठलाग करतो, चावतो आणि ठार मारतो. माणसाने या साखळीचे पहिले दुवे घट्ट केले आणि शेवटचे सैल केले, तेव्हा कॉली तयार झाली. पाडीच्या खुराशी घेतलेला चावा, मोटारसायकल, छतावरचा कवडसा, या सगळ्यांत तिला एकच गोष्ट दिसत होती: काहीतरी हलते आहे, आणि ते वळवून आणण्याची जबाबदारी आपली आहे. हे समजल्यावर माझा तिच्यावरचा राग संपला. शाळेत मला अशी मुले भेटली होती. वर्गात ज्याच्या हाताला काम नाही, तो मुलगा बाकावर ब्लेडने नाव कोरत बसतो.

तरीही धावणे कमी करण्याचे धैर्य मला झाले नाही. ते पुढच्या चैत्रात एका प्रसंगाने करायला लावले, आणि तो प्रसंग मी सविस्तर लिहिते, कारण कोकणात अशी कुत्री आणणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

दुपारचे साडेचार वाजले होते. ऊन कलले आहे असे समजून मी तिला सड्यावर नेले. कातळ दिवसभर तापलेला होता, वारा पडलेला होता आणि हवेत अशी दमट घुसमट होती की माझाही पदर ओला झाला होता. ती नेहमीप्रमाणे धावत होती. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर तिची जीभ नेहमीपेक्षा लांब लोंबते आहे आणि टोकाशी पसरून उलथन्यासारखी रुंद झाली आहे, हे मला दिसले. मला दिसले, पण त्याचा अर्थ कळला नाही. पुढच्या फेरीला ती चेंडू घेऊन आली तेव्हा तिचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या, तोंडातून चिकट लाळेची तार लोंबत होती, आणि तरीही तिने चेंडू माझ्या पायाशी ठेवला, दोन पावले मागे सरकली आणि डोळे चेंडूवर रोखून दबा धरला. पुन्हा फेक, असे ती सांगत होती. मी चेंडू उचलला नाही, तेव्हा ती तशीच कुशीवर कलंडली.

तिला उचलून मी कलमांतल्या पंपाच्या टाकीपर्यंत कशी आणली ते मला नीट आठवत नाही. गड्याने बादलीने विहिरीचे पाणी तिच्या पोटावर, जांघांत आणि पंजांवर ओतायला सुरुवात केली, आणि यजमानांनी आंबे झाडायला ठेवलेल्या सुपाने वारा घातला. पशुवैद्यांना फोन लावला तेव्हा त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. आधी थंड करा आणि मग गाडीत घाला, ही पहिली. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते, पाणी सतत ओतत राहा आणि वारा घाला, ही दुसरी. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिचा ताप १०४ अंशांवर उतरला होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे मला त्या दिवशी कळले. दोन दिवस सलाइन लागले आणि ती वाचली.

पशुवैद्यांनी नंतर समजावले ते असे. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. त्याची उष्णता धापा टाकताना जिभेवरच्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने बाहेर जाते. हवाच पाण्याने भरलेली असेल तर हे बाष्पीभवन मंदावते, आणि पुण्याच्या कोरड्या उन्हात जे कुत्रे तरून जाईल, ते किनाऱ्यावर त्याहून कमी तापमानातही कोसळू शकते. त्यात कॉलीसारखी जात स्वतःहून थांबत नाही. थकवा जाणवला तरी काम समोर असेपर्यंत ती उभीच राहते. गावठी कुत्रे केव्हाच करवंदीच्या जाळीखाली जाऊन बसले असते. म्हणजे थांबण्याचा निर्णय तिच्या वतीने माणसानेच घ्यायला हवा, आणि तो ऐकण्याची तिला सवय हवी. त्या दिवसापासून फाल्गुन ते मृग या काळात सकाळी सातनंतर आणि सूर्यास्तापूर्वी तिचे धावणे पूर्ण बंद झाले. चेंडू तर मी माळ्यावरच टाकला.

मग एवढ्या ऊर्जेचे करायचे काय? याचे उत्तर मला पावसाळ्याने दिले. आमच्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आषाढात आठ-आठ दिवस अंगणात पाय ठेवता येत नाही, आणि पडवी हेच भिंगरीचे जग होते. सुरुवातीला मी चार करवंट्या उपड्या ठेवून एकीखाली उकडलेल्या अंड्याचा तुकडा लपवत असे. चार दिवसांत तो खेळ तिला पोरकट वाटू लागला. मग मी आगरातल्या लवंगा एका भोके पाडलेल्या छोट्या डबीत भरल्या आणि ती डबी शोधली की खाऊ, असा नेम ठेवला. परदेशात या खेळाच्या रीतसर स्पर्धा होतात आणि तिथे वापरल्या जाणाऱ्या ठरावीक वासांत लवंगही आहे, हे नंतर वाचले तेव्हा मला फार आनंद झाला.

तिला डबी शोधताना पाहणे हा माझ्या दिवसातला सर्वांत आवडता वेळ झाला आहे. मी डबी पडवीच्या दक्षिण कोपऱ्यात, टोपलीखाली ठेवते. दारातून आत येताच तिचे तोंड मिटते, कारण धाप टाकताना नीट हुंगता येत नाही. मग नाकातून तुटक, घाईचे, सुईने टाके घालावेत तसे श्वास ऐकू येतात. समुद्राकडचा वारा जाळीतून आत शिरत असतो, त्यामुळे लवंगेचा वास डबीपाशी न साचता उत्तरेच्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. ती आधी त्या भिंतीपाशीच जाते, वरखाली हुंगते, आणि वास तिथे आहे पण वस्तू नाही हे कळल्यावर क्षणभर थबकते. मग डोके झटक्यात वळते, डोक्यामागून अंग वळते, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी जात ती टोपलीपर्यंत पोहोचते. तिथे शेपटी एकदम स्थिर होते. पंधरा मिनिटे असा शोध झाला की ती आपणहून कोपऱ्यात जाऊन झोपते. दीड तासाच्या धावण्याने हे कधी झाले नव्हते.

शब्दांचा घोळ मात्र आमचा होता आणि तो निस्तरायला वेळ लागला. आपल्या भाषेत ‘बस’ म्हणजे खाली बस, आणि ‘बस’ म्हणजे पुरे. यजमान तिचे लाड करता करता “बस, बस, बस झालं” म्हणत, आणि ती बिचारी तीनदा बसून उठून पाही. सासूबाई ‘ये’ म्हणत, मी ‘इकडे’ म्हणत असे, गडी ‘चल’ म्हणे, आणि ‘चल’ हाच शब्द तो कोंबड्यांना हाकलतानाही वापरी. शाळेत पाच शिक्षकांनी एकाच अक्षराला पाच नावे ठेवली तर मूल वाचायला शिकेल का? शेवटी मी पाटीवर शब्द लिहून पाटी पडवीत टांगली. खाली बसण्यासाठी ‘बैस’, जमिनीला पोट लावण्यासाठी ‘पड’, जवळ येण्यासाठी ‘ये’, तोंडातले टाकण्यासाठी ‘सोड’ आणि काम संपले हे सांगण्यासाठी ‘पुरे’. नव्वदीच्या सासूबाईंनी ती पाटी सर्वांच्या आधी पाठ केली आणि भिंगरीशी बोलताना त्या एकदाही चुकल्या नाहीत.

खरे काम तिला शेजारच्या वाडीतल्या भाऊंनी दिले. त्यांच्या चौदा शेळ्या आहेत आणि गुडघे दुखू लागल्यापासून सड्यावरून त्या वळवून आणणे त्यांना जड जाई. “बाई, तुमच्या कुत्रीला बगू द्या की एकदा,” असे तेच म्हणाले. मी लगेच होकार दिला नाही. आधी दोन महिने तिला लांब दोरीवर ठेवून, शेळ्यांपासून दूर, फक्त ‘पड’ पक्के केले, कारण जी कुत्री शेळ्यांसमोर जागच्या जागी थांबू शकत नाही तिला शेळ्यांजवळ नेणे हा शेळ्यांवर अन्याय आहे.

दिशेचे शब्द ठरवताना मी एक चूक केली. कोकणातल्या सवयीने मी ‘वरती’ म्हणजे डोंगराकडून आणि ‘खालती’ म्हणजे समुद्राकडून असे शब्द घेतले. पण मेंढपाळांच्या आज्ञा दिशा सांगत नाहीत. कळपाभोवती कोणत्या बाजूने वळसा घ्यायचा ते सांगतात. आम्ही कळपाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिलो की माझे शब्द तिला उलटे पडू लागले आणि ती गोंधळून माझ्याकडे पाहत राही. मग देवळातली प्रदक्षिणा आठवली. देव उजव्या हाताला ठेवून जो फेरा होतो तो ‘फेर’, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा तो ‘उलट’. शेळ्या म्हणजे देव, एवढे लक्षात ठेवले की भाऊंनाही आज्ञा चुकत नव्हत्या. सड्यावर वाऱ्यात आवाज विरून जातो, म्हणून पुढे शब्दांच्या जागी शिटी आली: एक लांब शिटी म्हणजे पड, दोन तुटक म्हणजे ये.

‘पुरे’ हा शब्द सर्वांत कठीण गेला. तो उच्चारला की आनंद संपतो हे तिने दोन दिवसांत ओळखले आणि ऐकून न ऐकल्यासारखे करू लागली. तेव्हा मी क्रम बदलला. ‘पुरे’ म्हटल्यावर ती माझ्यापाशी आली की दहापैकी आठ वेळा मी तिला पुन्हा शेळ्यांकडे सोडत असे. थांबण्याचे बक्षीस म्हणून पुन्हा काम मिळते, हे तिच्या लक्षात यायला जेमतेम पंधरवडा लागला. खाऊचा तुकडा तिने अशा वेळी कधी तोंडातही घेतला नाही, तिला तो नकोच असतो. ज्याच्याकडे अशी कुत्री आहे त्याला मी एवढेच सांगेन की तिला सर्वांत जास्त काय हवे आहे ते शोधा, ते आपल्या हातात ठेवा आणि मागितल्यावर उदार मनाने द्या. मारून, पट्ट्याला हिसका देऊन तिला थांबवणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांची कुत्री थांबतात, पण मालकाच्या हाताकडे बघत थांबतात, कामाकडे बघत नाहीत.

घरात स्वस्थ बसणे हेही तिला शिकवावेच लागले. चार पदरी घडी केलेले एक गोणपाट माजघराच्या दाराशी आहे. त्यावर ती असेल तर कोणीही तिला हाक मारायची नाही, मुलांनी जवळ जायचे नाही, आणि काही न करता पडून राहिल्याबद्दल मधूनमधून तिच्या पुढ्यात मुकाट्याने एखादा खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा. जाणते कुत्रेही दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोपेत काढते. ही झोप मिळाली नाही की भिंगरी किरकिऱ्या मुलासारखी होते, आणि नवखा माणूस त्यालाच ऊर्जा समजून तिला आणखी पळवतो.

आजारपणाचे म्हणाल तर आमच्याकडचा सर्वांत मोठा शत्रू गोचीड. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन गळून पडते आणि अंडी घालायला भिंतीच्या फटीत शिरते. आमची घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, चिरा जात्याच सच्छिद्र, त्यामुळे नुसते कुत्रे स्वच्छ करून भागत नाही. पडवीचे सगळे सांधे सिमेंटने भरून घेतले तेव्हा कुठे फरक पडला. तरीही दुसऱ्या वर्षी भाद्रपदात तिला गोचीडताप झालाच. सकाळी भाऊंच्या शेळ्यांच्या घंटा वाजल्या आणि ती गोणपाटावरून उठली नाही, त्यावरूनच मी ओळखले. ताप होता, हिरड्या पांढुरक्या होत्या आणि रक्तातल्या प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, जेवणाबरोबर, एकही दिवस न चुकता द्याव्या लागल्या. आठव्या दिवशी ती टुणटुणीत दिसू लागते आणि गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो मोह टाळायचा.

त्याच सुमारास गुरांना टोचायला येणाऱ्या एका माणसाने गोचिडीवर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सुचवले होते. ते औषध गुरांना सर्रास दिले जाते. पण कॉली कुळातल्या काही कुत्र्यांमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो आणि मग हे औषध मेंदूत साचून कुत्रे झटके येऊन मरू शकते. बॉर्डर कॉलीत हा दोष इतर कॉलींपेक्षा कमी आढळतो, तरी आपल्या कुत्र्यात तो नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. मी ते इंजेक्शन देऊ दिले नाही. रेबीजची लस आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दर वर्षी न चुकता देते. भातखाचरांत साचलेल्या पाण्यातून लेप्टो माणसालाही होतो, त्यामुळे यात तिच्याइतकीच आमचीही काळजी आहे.

सड्यावर फुरसे फार. दगडाखाली वेटोळे करून बसलेले फुरसे खवले घासून खरखर आवाज करते, आणि कॉलीला तो आवाज म्हणजे कुतूहलाचे निमंत्रणच. म्हणून तिन्हीसांजेनंतर सड्यावर जायचे नाही, आणि दिवसाही दगड उकरू लागली की ‘सोड’. रात्री ती घरात, कडी लावून. वाडीतली तीन कुत्री गेल्या दोन वर्षांत बिबट्याने नेली आहेत, आणि अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे वाढून ठेवलेले ताट आहे.

समुद्राचे थोडे वेगळे. पुळण मोकळी दिसते म्हणून कुत्रे मोकळे सोडावे असे सगळ्यांना वाटते, मलाही वाटत असे. पण कार्तिकापासून पुढे आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासला या कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले, आणि आज आंजर्ले, केळशी, कोळथरे अशा कितीतरी गावांत कासवमित्र पहाटे किनारा तुडवतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि कोल्ह्यांप्रमाणेच कुत्रीही ती उकरून खातात. एका फाल्गुनी पहाटे आम्ही दोघी पाण्याच्या कडेने चालत होतो तेव्हा ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा एक माग वर चढत गेलेला दिसला. भिंगरीने नाक खाली घातले आणि दोरी ताणली. वर, मर्यादवेलीच्या अलीकडे, थाळीएवढी वाळू ताजी ढवळलेली होती. मी ‘पड’ म्हटले. ती पडली, नाकपुड्या थरथरत होत्या, पण पडली. कासवमित्र येऊन अंडी काढून उबवण केंद्रात नेईपर्यंत पाऊण तास ती तशीच पडून होती. वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे १९७२च्या अधिनियमाने, हे कासव पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत ठेवले आहे. पण कायदा नसता तरी त्या वाळूकडे पाहून कुत्रे मोकळे सोडण्याची इच्छा मला झाली नसती. तेव्हापासून हंगामभर ती पुळणीवर दोरीनेच असते.

खाण्यापिण्याचे विशेष काही नाही. भात, नाचणी, अंडे, काटे काढलेली उकडलेली तारली किंवा बांगडा. खारवलेली मासळी आणि कांदा-लसणाचे कालवण अजिबात नाही. मे महिन्यात मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते, कारण आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते, आणि काजूच्या कच्च्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजते. केस उन्हाळ्यात भादरावेत असे पुष्कळ जण सुचवतात. ते मी केले नाही, कारण आतली लव विंचरून काढली की वरचे केस उन्हापासून तिचे रक्षणच करतात. समुद्रातून आल्यावर विहिरीच्या पाण्याने धुणे आणि पावसाळ्यात काखा, कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, एवढे पुरते.

भिंगरीला पाहून गावात आणि पाहुण्यांत दोघा-तिघांनी मला विचारले की अशी कुत्री कुठे मिळेल. मी त्यांना स्पष्टपणे नको म्हणून सांगते. थंड डोंगरात दिवसभर काम करण्यासाठी घडवलेला हा जीव आपल्या हवेत आणायला नको होता, आणि फ्लॅटमध्ये तर मुळीच नको. राखणीसाठी आणि मायेसाठी गावठी पिल्लू शंभर पटीने बरे. पण जी आली आहे तिला परत कुठे पाठवायचे? तिच्यासाठी मला रोज दोन तास मोजून द्यावे लागतात, श्राद्ध असो वा लग्न असो, आणि निवृत्त नसते तर मला ते जमले नसते.

सध्या आम्ही वस्तूंची नावे शिकतो आहोत. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांच्या ‘चेसर’ या बॉर्डर कॉलीला १०२२ खेळण्यांची नावे शिकवली होती आणि २०११ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. आमची मजल तेवीस नावांपर्यंत आली आहे. करवंटी, पोळपाट, टोपली, पायपोस, रुमाल, सासूबाईंची काठी, हे सगळे ती दुसऱ्या खोलीतून बरोबर आणते, आणि काठी आणताना उंबऱ्यात ती आडवी अडकते तेव्हा मान वाकडी करून कशी बाहेर काढायची तेही तिचे तिने शोधले आहे. फक्त ‘सुंभ’ आणि ‘दोरी’ यांवर गाडी अडली आहे. सुंभ मागितला की ती दोरी आणते आणि दोरी मागितली की सुंभ. काल सबंध दिवस मी घरातल्या सर्वांचे बोलणे कान देऊन ऐकले. यजमान दोन्हींना दोरी म्हणतात आणि सासूबाई दोन्हींना सुंभ. पाटीवर आज दोन शब्द वाढवले आहेत.